पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुगते तेव्हा : भिंत पोखरणाऱ्या पेशी आपल्याच असतात

सटाणा : मुतखड्याची शंका म्हणून सोनोग्राफी काढली. खडा काही सापडला नाही, पण रिपोर्टच्या खालच्या बाजूला एक ओळ आली, ‘ॲब्डॉमिनल एऑर्टिक ॲन्युरिझम’, आणि पुढं सेंटिमीटरमध्ये एक आकडा. खडा नाही म्हटल्यावर घरचे निवांत झाले, रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात गेला. हा आजार बहुतेक वेळा असाच सापडतो, दुसरंच काही शोधताना. आणि कित्येकदा असाच विसरलाही जातो, कारण त्या वेळी माणसाला काहीही त्रास होत नसतो.

त्या ओळीचा अर्थ असा. हृदयातून निघून छातीतून खाली पोटात उतरणारी जी सर्वात मोठी शुद्ध रक्तवाहिनी, म्हणजे महाधमनी, तिची भिंत पोटात एका ठिकाणी सैल पडून फुग्यासारखी बाहेर आली आहे. पोटात या नळीची रुंदी साधारण दोन सेंटिमीटर असते. तीन सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त भरली की डॉक्टर तिला ॲन्युरिझम म्हणतात. फुगा हळूहळू वाढतो, वर्षाला काही मिलिमीटर. पण फुटला तर दहापैकी सुमारे आठ माणसं वाचत नाहीत. त्यातली बरीच तर दवाखान्याच्या दारापर्यंतही पोचत नाहीत. बागलाणातल्या एखाद्या गावातून नाशिक गाठायचं म्हणजे नव्वदेक किलोमीटर आणि दोन तास, डांगसौंदाणे किंवा साल्हेरच्या बाजूनं आणखी जास्त. म्हणून हा आजार फुटायच्या आधी कळलेला बरा, एवढं तरी कुणीही मान्य करील.

ही भिंत सैल का पडते, हा खरा प्रश्न आहे. बरीच वर्षं उत्तर सोपं होतं. वय झालं, बीपी वाढलं, नळी झिजली. आपणही म्हणतो, जुना पाइप आहे, फुगणारच. पण फुगलेल्या भिंतीचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर नुसती झीज दिसत नाही. तिथं पांढऱ्या पेशींची गर्दी दिसते. ज्या पेशी जखमेतला पू तयार करतात, तापाशी झुंजतात, त्याच पेशी भिंतीत घुसून बसलेल्या असतात, आणि भिंत विरघळवायचं काम चालू असतं.

टायरच्या आतल्या दोऱ्या

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं टायर पाहिलं असेल. वरून रबर चांगलं दिसतं, पण आतल्या दोऱ्या तुटल्या की एका बाजूला फुगा येतो. हवा तेवढीच असते, दोऱ्या गेलेल्या असतात. महाधमनीचंही तसंच आहे. तिच्या भिंतीच्या मधल्या थरात इलॅस्टिन नावाच्या लवचिक पापुद्र्यांचे थर एकावर एक रचलेले असतात. हृदयाचा प्रत्येक ठोका पडला की नळी ताणते आणि पुन्हा जागेवर येते, ती या इलॅस्टिनमुळे. त्याच्या जोडीला कोलॅजनचे दोर असतात, ते ताकद देतात. या दोन्हींच्या मध्ये स्नायूपेशी असतात, त्या हे सगळं सांभाळतात, दुरुस्त करतात.

इथं एक अडचण आहे. इलॅस्टिन शरीर बनवतं ते मुख्यतः आईच्या पोटात असताना आणि लहानपणी. मोठेपणी ते नव्यानं नीट बनत नाही. म्हणजे साठ-सत्तर वर्षांच्या माणसाच्या महाधमनीतलं इलॅस्टिन हे त्याच्या वयाचंच असतं, जन्मल्यापासून कोट्यवधी ठोके खाल्लेलं. आणि हे थर सगळीकडे सारखे नाहीत. छातीतल्या महाधमनीत जितके थर असतात त्याच्या निम्म्याच्या आसपासच थर पोटातल्या भागात असतात. तिथं भिंतीला बाहेरून रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्याही कमी असतात. म्हणून फुगा बहुतांशी पोटातच येतो, मूत्रपिंडांच्या वाहिन्या फुटतात त्याच्या खाली, बेंबीच्या आसपास.

आता त्यात पांढऱ्या पेशींची भर घाला.

सीबीसीच्या कागदावरची नावं

ताप आला की आपल्याकडं सीबीसी करतातच. त्या कागदावर न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, मोनोसाइट अशी नावं आणि पुढं टक्के असतात. डॉक्टर बघतात, आपण बघत नाही. पण या आजारात हीच मंडळी कामाला लागलेली असतात, म्हणून थोडी ओळख करून घेऊ.

न्यूट्रोफिल सगळ्यात आधी धावून येतात. जंतू मारायला त्यांच्या पोटात जालीम एन्झाइम भरलेले असतात. त्यातल्या एकाचं नावच इलॅस्टेज आहे, म्हणजे इलॅस्टिन तोडणारं. जंतू असताना हे हत्यार कामाचं. पण जंतू नसताना ते रक्तवाहिनीच्या भिंतीत सांडलं तर समोर इलॅस्टिनच असतं. न्यूट्रोफिल मरताना आपल्याच डीएनएचं चिकट जाळंही बाहेर टाकतात, जंतू अडकावेत म्हणून. ते जाळंही भिंतीत आग पेटती ठेवतं. प्रयोगशाळेत उंदराच्या महाधमनीत हा फुगा तयार करायचा असेल तर संशोधक बाहेरून इलॅस्टेजच सोडतात, आणि काही दिवसांत नळी फुगते. यावरून कळेल की हे एन्झाइम काय करू शकतं.

मोनोसाइट रक्तात फिरत असतात, भिंतीत शिरले की त्यांचे मॅक्रोफेज होतात. मराठीत महाभक्षक पेशी म्हणतात. यांचं काम सफाईचं. मेलेल्या पेशी, कचरा, जंतू खायचं. खाताना वाट मोकळी करायला ते एमएमपी नावाचे एन्झाइम सोडतात. एमएमपी-९ आणि एमएमपी-१२ ही दोन नावं या आजाराच्या अभ्यासात पुन्हा पुन्हा येतात. दोन्ही इलॅस्टिनवर चालतात. म्हणजे सफाई कामगारानं कचरा उचलता उचलता भिंतीच्या विटाही काढायला सुरुवात केली, असं समजा. पण मॅक्रोफेज सगळे सारखे नसतात. काही आग वाढवतात, काही विझवतात आणि डागडुजी करतात. शास्त्रज्ञ पूर्वी यांचे दोन सरळ गट पाडायचे. आता एकेक पेशी वेगळी काढून तिची जनुकं वाचता येतात, तेव्हा दिसतं की भिंतीत त्यांचे कितीतरी प्रकार शेजारी शेजारी असतात, आणि एकच पेशी आज एक, उद्या दुसरं वागू शकते.

लिम्फोसाइटमध्ये टी पेशी आणि बी पेशी. टी पेशी स्वतः फार खात नाहीत, त्या हुकूम सोडतात. इंटरफेरॉन गॅमासारखी रसायनं सोडून त्या मॅक्रोफेजला चिथवतात. पण त्यांच्यातच एक गट असतो, नियामक टी पेशी. त्या ‘बस झालं’ म्हणणाऱ्या. उंदरांवरच्या प्रयोगांत या नियामक पेशी वाढवल्या की फुगा लहान राहतो, काढून टाकल्या की मोठा होतो. बी पेशी भिंतीच्या बाहेरच्या थरात लसिकाग्रंथीसारखे छोटे पुंजके करून बसतात, म्हणजे जिथं छावणी नको तिथं कायमची छावणी. मास्ट पेशी, ज्या ॲलर्जीत शिंका आणि खाज आणतात, त्याही इथं सापडतात.

ही गर्दी जमते, आणि बिचाऱ्या स्नायूपेशी मरायला लागतात. दुरुस्ती करणारेच कमी झाले.

तुकडेच पुन्हा हाक मारतात

या आजाराचं सगळ्यात वाईट वळण पुढंच आहे. इलॅस्टिन तुटलं की त्याचे बारीक तुकडे होतात. ते तुकडे नुसते पडून राहत नाहीत. रक्तातल्या मोनोसाइटना ते हाक मारल्यासारखे ओढून घेतात. नवीन मोनोसाइट येतात, मॅक्रोफेज होतात, आणखी इलॅस्टिन तोडतात, आणखी तुकडे, आणखी हाक. सुरुवात कशानं झाली, विडीनं, बीपीनं की आनुवंशिक कमजोरीनं, हे मागं राहतं आणि चक्र आपलं आपण फिरत राहतं. विडी सोडल्यावर वाढ मंदावते, पण आलेला फुगा मागं जात नाही, त्याचं कारण हेच.

त्यात फुग्याच्या आत रक्त गरागरा फिरतं, आणि कडेला रक्ताची गुठळी साचते. मोठ्या फुग्यांपैकी बहुतेकांत अशी गुठळी असते. वाटेल की गुठळीनं आतून लिंपण केलं, बरं झालं. तसं नाही. गुठळीच्या ताज्या थरात न्यूट्रोफिल अडकून बसतात आणि तिथूनच एन्झाइम सोडत राहतात. गुठळीच्या मागची भिंत प्राणवायूला मुकते आणि अजून कमजोर होते.

उरलेलं काम पदार्थविज्ञान करतं. नळी जितकी रुंद आणि भिंत जितकी पातळ, तितका त्याच दाबाला भिंतीवर ताण जास्त. म्हणजे फुगा जितका मोठा तितका तो अजून मोठा व्हायला सोपा. म्हणूनच रिपोर्टमधला सेंटिमीटरचा आकडा महत्त्वाचा. साडेपाच सेंटिमीटरपर्यंत पुरुषांमध्ये शक्यतो वाट पाहतात. त्यापुढं फुटण्याचा धोका शस्त्रक्रियेच्या धोक्यापेक्षा जास्त धरला जातो. बायकांमध्ये फुगा कमी येतो, पण आला तर लहान असतानाच फुटू शकतो, म्हणून त्यांच्यासाठी पाचच्या आसपासच विचार सुरू होतो.

‘डॉक्टरांनी वाट बघायला सांगितलं म्हणजे टाळलं’ असा समज आपल्याकडं फार लवकर होतो. इथं तो चुकीचा आहे. ब्रिटनमध्ये १०९० रुग्णांवर चाचणी झाली, चार ते साडेपाच सेंटिमीटरच्या फुग्यांची. निम्म्यांचं लगेच ऑपरेशन केलं, निम्म्यांवर सोनोग्राफीनं लक्ष ठेवलं. १९९८ साली निकाल आला, लगेच ऑपरेशन केल्यानं जास्त माणसं वाचली नाहीत. तेव्हापासून लहान फुग्यावर नजर ठेवणं हाच उपचार मानतात. फक्त नजर ठेवायची म्हणजे तारखेला जायचं, हे आपल्याकडून राहतं.

परळच्या केईएममधला अभ्यास

महाधमनीच्या भिंतीत स्वतःच्याच पेशी शिरतात ही गोष्ट महाराष्ट्रातल्या डॉक्टरांना नवी नाही. तिचा एक सख्खा नाही पण चुलत आजार आपल्याकडं चांगला अभ्यासला गेलाय. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन होते, ज्यांच्या पथकानं फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातलं पहिलं हृदयरोपण केलं. पण त्याच्या आधीपासून ते आणि त्यांचे सहकारी एका वेगळ्याच रोगामागं लागले होते. तरुण, बऱ्याचदा बायका, बीपी भलतंच वाढलेलं, आणि एका हाताची किंवा पायाची नाडीच लागत नाही. डॉ. सेन, डॉ. किनरे, डॉ. परुळकर आणि इतरांनी १९६३ साली पोटाजवळच्या महाधमनीच्या अशा आजारावर इंग्लंडच्या हृदयरोग मासिकात लिहिलं. पुढं १९७३ मध्ये सेन, किनरे, केळकर आणि परुळकर यांनी १०१ रुग्णांचा अभ्यास पुस्तकरूपानं काढला.

जगात या रोगाला ताकायासू म्हणतात, १९०८ मध्ये जपानच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तरुण मुलीच्या डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांत तो पाहिला म्हणून. जपानमध्ये तो वरच्या, मानेकडच्या वाहिन्यांत जास्त दिसतो. भारतात पोटातली महाधमनी आणि मूत्रपिंडाच्या वाहिन्या जास्त धरतो. क्षयाशी त्याचं नातं असावं अशी शंका आपल्याकडं बरीच वर्षं घेतली गेली, ते सिद्ध झालेलं नाही.

ताकायासूत पेशी बाहेरच्या थरातून आत शिरतात, टी पेशी आणि मॅक्रोफेज गाठी करून बसतात. शेवटी भिंत बहुतांशी जाड होऊन नळी अरुंद होते. काही जागी उलट, मधला थर इतका खाल्ला जातो की फुगा येतो. म्हणजे त्याच पेशी, तीच नळी, पण एकीकडं जाड करून अरुंद करतात आणि दुसरीकडं पातळ करून फुगवतात. फरक किती पेशी आल्या यापेक्षा त्यांना कोणता हुकूम मिळाला यात असतो. आणि औषधातही फरक. ताकायासू स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांना बऱ्यापैकी ऐकतो. म्हातारपणी येणाऱ्या नेहमीच्या पोटातल्या ॲन्युरिझममध्ये स्टेरॉइडचा उपयोग नाही. त्यातला एक छोटा गट सोडला तर. त्या गटात भिंत पांढरी, जाडजूड होते, आजूबाजूच्या आतड्याला आणि मूत्रनलिकेला चिकटते, माणसाला पाठदुखी, वजन घटणं असा त्रास होतो. तिथं डॉक्टर वेगळा विचार करतात.

तरुण मुलीचं बीपी २०० लागतंय आणि एका हाताचं वेगळं, दुसऱ्या हाताचं वेगळं, असं दिसलं तर ‘टेन्शन घेते’ म्हणून घरी पाठवू नये. दोन्ही हातांचं बीपी घ्यायला एक मिनिट लागतं.

आइनस्टाईनच्या पोटातला कागद

पेशी भिंत पोखरतात तशा बांधूही शकतात, याचं उदाहरण म्हणून शास्त्रज्ञ अल्बर्ट आइनस्टाईन यांची गोष्ट सांगावी लागेल. डिसेंबर १९४८ मध्ये पोटदुखीसाठी ब्रुकलिनमध्ये त्यांचं पोट उघडलं, तर महाधमनीला मोठा फुगा. तेव्हा तो कापून नवी नळी बसवायची सोय नव्हती. तसं पहिलं ऑपरेशन पॅरिसमध्ये शार्ल द्युबो यांनी १९५१ मध्ये केलं. मग सर्जन रुडॉल्फ निसेन यांनी काय केलं, तर फुग्याभोवती सेलोफेन गुंडाळलं. होय, पॅकिंगला वापरतात तो पारदर्शक कागद.

ऐकायला जुगाड वाटतो. पण हिशोब पक्का होता. शरीराला सेलोफेन परकं वाटतं. त्याच्याभोवती मॅक्रोफेज जमतात, त्यांना ते खाता येत नाही, मग ते तंतू बनवणाऱ्या पेशींना बोलावून त्याच्याभोवती जाड चामट कवच करतात. फुग्याला बाहेरून कातडी पट्टा बसल्यासारखं. आइनस्टाईन त्यानंतर सहा वर्षांहून जास्त जगले. एप्रिल १९५५ मध्ये फुगा फुटला, दुसऱ्या ऑपरेशनला त्यांनी नकार दिला आणि १८ एप्रिलला प्रिन्स्टनमध्ये ते गेले. पाइप ओढायची सवय त्यांना होती, तेही लक्षात ठेवायला हवं.

मग गोळी का नाही?

पेशी कळल्या, एन्झाइम कळले, तर ते बंद करणारी गोळी द्या की, असं कुणालाही वाटेल. शास्त्रज्ञांनाही वाटलं. डॉक्सीसायक्लिन ही जुनी, स्वस्त अँटिबायोटिक गोळी एमएमपी दाबते. उंदरांत फुगे थांबले. माणसांत दोन चांगल्या चाचण्या झाल्या. नेदरलँड्समधल्या चाचणीचा निकाल २०१३ ला आला, गोळी घेणाऱ्यांचा फुगा उलट थोडा जास्तच वाढला. अमेरिकेतल्या चाचणीचा २०२० ला, दोन वर्षं गोळी देऊनही वाढीत फरक नाही. मास्ट पेशी शांत करणारं पेमिरोलास्ट नावाचं औषधही माणसांत चाललं नाही.

का नाही चाललं, याचं माझ्या मते सरळ कारण आहे. उंदरात फुगा आपण एका दिवशी तयार करतो आणि त्याच दिवसापासून औषध देतो. माणसात फुगा सापडतो तेव्हा पेशींचं काम वीस वर्षं चाललेलं असतं. शेत वाहून गेल्यावर बांध घालण्यासारखं. शिवाय त्याच पेशींपैकी काही दुरुस्तीही करत असतात, सगळ्यांना एकदम गप्प केलं तर डागडुजीही थांबते.

एक आशा मात्र अनपेक्षित ठिकाणाहून आली. मधुमेह असलेल्यांमध्ये हा फुगा कमी आढळतो आणि असला तर हळू वाढतो. मधुमेह हृदयाच्या बाकी सगळ्या आजारांचा मित्र, इथं मात्र उलट. संशोधकांना वाटतं की त्यात मेटफॉर्मिन गोळीचा वाटा असावा, ती मॅक्रोफेजची आग कमी करते. मधुमेह नसलेल्या ॲन्युरिझमच्या रुग्णांना मेटफॉर्मिन देऊन पाहायच्या चाचण्या त्यासाठीच हाती घेतल्या गेल्या. शेजारच्याच्या घरात साखरेची गोळी आहे म्हणून कुणी ती आपल्या मनानं सुरू करू नये, हे वेगळं सांगायला नको.

आणि एक गोष्ट स्पष्टच लिहितो. कोरोनानंतर गावोगावी ‘इम्युनिटी वाढवा’ची चूर्णं, काढे, थेंब आले, अजून विकले जातात. हा आजार त्या विचारालाच छेद देतो. इथं प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते. ती नको त्या जागी, नको तितका वेळ कामावर असते. तिला अजून ‘बूस्ट’ करून काय मिळणार?

विडी, आणि एक अँटिबायोटिक

या आजाराशी सगळ्यात घट्ट नातं तंबाखूच्या धुराचं आहे, बीपी आणि कोलेस्टेरॉलपेक्षाही घट्ट. विडी असो की सिगारेट. धूर न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेजना चिथावतो, ते जास्त एन्झाइम सोडतात, आणि त्या एन्झाइमना आवर घालणारी शरीरातली प्रथिनं धुरानं निकामी होतात. फुप्फुसात हेच झालं की दम लागणारा सीओपीडी होतो, तिथंही इलॅस्टिनच तुटतं. म्हणून वर्षानुवर्षं विडी ओढून दम लागणाऱ्या सत्तरीच्या माणसाच्या पोटावर एकदा सोनोग्राफीचा प्रोब फिरवायला हवा असं वाटतं.

दुसरी गोष्ट औषधांच्या दुकानाशी निगडित. सिप्रोफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातल्या अँटिबायोटिक गोळ्या आपल्याकडं जुलाब, लघवीची जळजळ, ताप, कशालाही चिठ्ठीशिवाय घेतल्या जातात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं डिसेंबर २०१८ मध्ये इशारा दिला की महाधमनीचा फुगा असलेल्यांना किंवा धोका असलेल्यांना, दुसरा पर्याय असेल तर, या गोळ्या देऊ नयेत, फुगा फाटण्याचा धोका वाढतो. ज्याच्या रिपोर्टवर ती ओळ आहे त्यानं ती कुठल्याही डॉक्टरला आधी सांगावी. रिपोर्ट कपाटात असेल तर तो सांगणार कसा?

कुणी तपासायचं, कुठं

तपासणी म्हणजे साधी पोटाची सोनोग्राफी. सुई नाही, दुखत नाही. ब्रिटनमध्ये पासष्ट वर्षांच्या प्रत्येक पुरुषाला एकदा बोलावून करतात. त्यामागं सुमारे ६७,८०० पुरुषांवरची चाचणी होती, तिचा निकाल २००२ मध्ये आला. ज्या गटाला तपासणीला बोलावलं त्या गटात या आजारानं होणारे मृत्यू चार वर्षांत ४२ टक्क्यांनी कमी झाले. आपल्याकडं अशी सरकारी मोहीम नाही. पण पासष्ट ओलांडलेला, आयुष्यात कधीही नेमानं विडी-सिगारेट ओढलेला पुरुष दुसऱ्या कशासाठी सोनोग्राफीला गेला, तर ‘महाधमनी पण बघा आणि रुंदी लिहा’ एवढं म्हणायला काही खर्च येत नाही. सीबीसीवरून मात्र हा आजार कळत नाही. पांढऱ्या पेशी भिंतीत असतात, कागदावरचे टक्के नॉर्मलच येऊ शकतात.

ऑपरेशन दोन तऱ्हेचं. एक पोट उघडून फुगलेल्या भागात कृत्रिम नळी शिवणं. दुसरं जांघेतल्या वाहिनीतून आतमध्ये स्टेंट लावलेली नळी सरकवणं. हे दुसरं १९९० मध्ये अर्जेंटिनात हुआन पारोदी यांनी करून दाखवलं आणि जगभर पसरलं. त्यात लवकर घरी जाता येतं, पण नळीच्या कडेनं रक्त झिरपतं का हे पाहायला नंतर आयुष्यभर स्कॅन करावे लागतात. त्यासाठी व्हॅस्क्युलर सर्जन लागतो, तो तालुक्याला नसतो, नाशिक किंवा मुंबई गाठावी लागते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत त्या रुग्णाचं नेमकं काय बसतं हे योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारून घ्यावं, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नव्हे.

कंबर दुखस

फुगा फाटायला लागला की माणूस पोटदुखीसोबत कंबर दुखत असल्याचंही बऱ्याचदा सांगतो. आपल्याकडं ‘कंबर दुखस’ म्हटलं की मुतखडा किंवा मणक्याची नस, ही दोन उत्तरं तयार असतात. डाव्या कुशीतून जांघेकडं जाणारी कळ असेल तर मुतखडाच वाटतो, आणि जगभरात फुटलेला ॲन्युरिझम याच नावाखाली चुकतो. फरक असा बघावा. साठीच्या पुढचा, विडी ओढणारा माणूस, आयुष्यात पहिल्यांदाच अशी कळ, अचानक आणि फाडल्यासारखी, सोबत घाम, चक्कर, बीपी घसरलेलं, बेंबीजवळ हात ठेवला तर धडधडणारा गोळा. यातल्या दोन-तीन गोष्टी जुळल्या तर इंजेक्शन मारून घरी झोपवू नका. १०८ ला फोन करा, फोनवरच ‘पोटातली मोठी रक्तवाहिनी फुटली असण्याची शंका’ हे शब्द वापरा, आणि जुना सोनोग्राफी रिपोर्ट असेल तर पेशंटच्या सोबत द्या. पोटावर जोरानं दाबून चोळणं टाळा.

फुगा लहान असेल तर नजर ठेवायचं वेळापत्रक डॉक्टर ठरवतात. साधारण तीन ते चार सेंटिमीटरला तीन वर्षांनी, चार ते पाचला दरवर्षी, त्यापुढं सहा महिन्यांनी सोनोग्राफी, असा एक प्रचलित हिशोब आहे. काही ठिकाणी याहून लवकर बोलावतात. शक्यतो त्याच सेंटरला जावं, म्हणजे मागचा आकडा आणि आताचा आकडा एका मापात येतो. मधल्या काळात बीपी ताब्यात, कोलेस्टेरॉलची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर चालू, कारण या माणसांना हार्ट ॲटॅकचा धोकाही जास्त असतो. विडी बंद, आणि तीही ‘दोनच ओढतो’ अशी नाही.

हा आजार घराण्यातही चालतो. वडिलांना किंवा भावाला ॲन्युरिझम निघाला असेल तर बाकीच्या भावांनी, आणि बहिणींनीही, पन्नाशी-साठीत एकदा सोनोग्राफी करून घ्यावी आणि डॉक्टरांना घरचा इतिहास सांगावा. आधी मात्र कपाटातल्या पिशव्या काढून जुने रिपोर्ट शेवटच्या ओळीपर्यंत वाचून घ्या.